उजवीकडून उघडणारी वही

तेजस्विनी मॅडमनी वही जवळ ओढली आणि डाव्या बाजूचा पुठ्ठा उचलला. पहिलं पान कोरं होतं. त्यांनी ते उलटलं. पुढचंही कोरं. आणखी एक पान उलटायला त्यांच्या बोटानं कोपरा उचलला, तशी समोर बसलेल्या हुस्नबानोनं मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले.

पण मॅडमनी ते पान उलटलं नाही. वही मिटून त्यांनी ती टेबलावरून अलगद तिच्याकडे सरकवली.

"काही हरकत नाही, ताई. जमेल तेव्हा जमेल."

"हो, मॅडम."

"लिहायला बसलात की काय आडवं येतं?"

हुस्नबानोला खोटं बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, "घरात माणसं असतात."

मॅडमनी मान हलवली आणि ते आपल्या कागदावर टिपून घेतलं. हुस्नबानोनं वही पिशवीत ठेवली, तिच्यावर रुमाल ठेवला, रुमालावर चष्म्याचं घर. आठवा गुरुवार होता. आठही गुरुवारी मॅडमनी वही डावीकडूनच उघडली होती.

शालिमार चौकाच्या पलीकडच्या गल्लीत एक धर्मादाय दवाखाना आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावर ही खोली होती. खाली डॉक्टर तपासत, वर मॅडम ऐकत. हुस्नबानो पहिल्यांदा आली ती सून कौसरबरोबर, छातीत दाटतं म्हणून. कागदावर निघालेल्या हृदयाच्या रेघा डॉक्टरांनी दोनदा पाहिल्या आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, आजी. तुम्ही एकदा वर जाऊन या."

"इतक्यात?" हुस्नबानो म्हणाली.

कौसरला ओढणी तोंडावर धरून हसावं लागलं. डॉक्टरही हसले. मग त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

वर गेल्यावर मॅडमनी विचारलं होतं, "डोक्यात काय चाललंय, असं मला सांगायचं झालं तर कसं सांगाल?"

हुस्नबानोनं थोडा विचार केला. "सुटी पानं," ती म्हणाली.

तिचा नवरा हारुन बायंडर होता. काझीपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. वकिलांची जाडजूड पुस्तकं, वाचनालयातल्या कादंबऱ्या, कुणाच्या आजोबांची पोथी, कुणाचं कुराण, असं सगळं तिथं खिळखिळं होऊन यायचं आणि धड होऊन जायचं. तो पुठ्ठे चढवायचा. जुज शिवायचं काम हुस्नबानोचं. आठ-आठ पानांचा गठ्ठा दुमडायचा, त्याला जुज म्हणायचं, आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं एकेक जुज दुसऱ्याला बांधायचा. एकदा पिशवीत भरून एक ग्रंथ आला होता, सगळी पानं सुटी, आकडे कुरतडलेले. डोकं तसं झालंय, असं तिनं मॅडमना सांगितलं.

मॅडमना ते आवडलं. "मग आधी पानं एका जागी गोळा करू," त्या म्हणाल्या. "क्रम नंतर लावू. रोज दहा मिनिटं, मनात येईल ते लिहायचं. कुठलीही वही चालेल. मी वाचणार नाही. लिहिलंय एवढं दिसलं की माझं काम झालं."

वही विकत आणायचा प्रश्नच नव्हता. आता पुढच्या खोलीत मुलगा वसीम झेरॉक्सचं मशीन चालवायचा. त्याच्याकडच्या कापून उरलेल्या कागदांतून तिनं बत्तीस पानं काढली, चार जुज दुमडले, शिवले, राखाडी पुठ्ठा चढवला. पुठ्ठ्यावर नाव घातलं नाही. नाव नसलेल्या पुठ्ठ्याला पुढचं-मागचं नसतं.

तिनं लिहायला सुरुवात केली ती अर्थातच उजवीकडून. ती सातवीपर्यंत शिकली, ते उर्दू शाळेत. मराठी तिच्या तोंडात गिऱ्हाइकांशी चाळीस वर्षं बोलून बसलेली, वकिलांच्या कारकुनांनाही खोड काढता येऊ नये अशी. त्यामुळे ही बाई लिहील ते दुसऱ्या लिपीत, दुसऱ्या टोकापासून, हे मॅडमच्या मनातही आलं नाही.

पहिल्या गुरुवारी मॅडमनी कोरी पानं पाहिली आणि "काही हरकत नाही" म्हणाल्या, तेव्हा हुस्नबानो सांगणारच होती. मॅडम, वही पलटा. शब्द ओठांवर आले आणि तिथंच थांबले. कारण त्या आठवड्यात तिनं असं काही लिहिलं होतं, जे याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या हारुनला तिनं एकदा सरबताचा पेला हातात असताना पाच मिनिटं तसंच तहानलेलं ठेवलं होतं, मुद्दाम, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. असं लिहून ती आली होती, आणि समोरची शहाणीसुरती बाई शांतपणे म्हणत होती, काही हरकत नाही.

घरी जाताना रिक्षात तिला बरंच हलकं वाटलं.

मग ते तसंच चालू राहिलं. आठवडाभर ती उजवीकडून लिहीत जायची, गुरुवारी मॅडम डावीकडून पाहायच्या. घरात कुणी ती वही उघडली असती तरी फरक पडला नसता. वसीमला हारुननंच मराठी शाळेत घातलं होतं, नोकरी लागेल म्हणून. कौसर येवल्याची, तीही मराठीतच शिकलेली. हारुन गेल्यापासून त्या घरात उर्दू वाचणारी ती एकटीच होती.

वहीत सगळं येत गेलं. झटका आला त्या दिवशी हारुनच्या हातातली कात्री कशी खाली पडली, इथपासून. झटक्यानंतर त्याची जीभ लुळी पडली. सगळे शब्द गेले आणि एकच उरला: बानो. पाणी हवं असलं तरी बानो. पाठ दुखली तरी बानो. दिवा लावायला बानो, मालवायला बानो, आणि काही नको असतानाही, फक्त ती आहे ना हे बघायला, बानो. चांगला माणूस होता. तिला जुज शिवताना सुई लागली की तोच आधी "हाय" म्हणायचा. त्याच्या त्या एका शब्दात किती प्रेम होतं हे तिला ठाऊक होतं. पण चार वर्षांत तिनं एकही पोळी गरम खाल्ली नव्हती. एकही नमाज मधे कान न टवकारता झाली नव्हती. हेही तिनं लिहिलं.

तो गेला तेव्हा साऱ्या मोहल्ल्यानं तिचं कौतुक केलं. "अशी खिदमत कुणी केली नसेल. जन्नत कमावलीस, बानो." ती मान खाली घालून ऐकायची.

नंतर इद्दत. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, नटायचं-थटायचं नाही, कुठं जायचं-यायचं नाही. ती आतल्या खोलीत बसली. इथवर लिहून झालं होतं. चौथ्या जुजाची शेवटची दोन पानं उरली होती आणि हुस्नबानो त्या आतल्या खोलीच्या दाराशी येऊन अडकली होती.

त्या गुरुवारी ती घरी पोचली तर पुढच्या खोलीत माळ्यावरून काहीतरी उतरवण्याची खटपट चालू होती. वसीम स्टुलावर उभा होता आणि कौसर खालून धरत होती. हुस्नबानोनं आधी चाक पाहिलं, मग लोखंडी दांडा. हारुनचा पलंग. हँडल फिरवून डोक्याची बाजू वर करायचा.

"अम्मी, बरं झालं आलीस," वसीम वरूनच म्हणाला. "अमीरचा फोन होता चांदवडहून. फूफी दवाखान्यातून घरी आली."

फूफी म्हणजे हारुनची मोठी बहीण, अमीर तिचा मुलगा. घसरून पडल्यानं खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती. हे हुस्नबानोला माहीत होतं. ती तिला आपा म्हणायची.

"कशी आहे?"

"शुद्धीत आहे, म्हणजे शिव्या देते," वसीम हसला. "पण तीन महिने तरी पडून राहावं लागणार. अमीरची बायको लेकुरवाळी, तिला उचलाउचली कुठं जमायची? मी म्हटलं, आणून सोड आमच्याकडे. पुढच्या शनिवारी येतोय घेऊन. तुझ्या हाताला सवय आहे."

कौसरनं सासूकडे पाहिलं.

"आणू दे की," हुस्नबानो म्हणाली. आवाज इतका गोड आला की तिला स्वतःलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला. "आपा काय परकी आहे?"

ती आत जाऊन पाण्याच्या माठाला टेकून उभी राहिली. छातीवर कुणीतरी कागदांचा गठ्ठा ठेवल्यासारखं दाटून आलं. बाहेर वसीम पलंगाचं हँडल फिरवून बघत होता. ते कुरकुरत होतं. पूर्वीही कुरकुरायचं.

"तेल घालायला लागेल," तो म्हणाला.

शुक्रवार ते बुधवार ती रोज दुपारी लिहायला बसली. आपाबद्दल लिहिलं. आपा तोंडाची फटकळ, पण हुस्नबानोचं पहिलं बाळ गेलं तेव्हा चांदवडहून येऊन चाळीस दिवस राहिली होती, एक शब्द उपदेश न करता. अशा बाईला नको कसं म्हणायचं? कौसरबद्दल लिहिलं, नातवाच्या शाळेबद्दल लिहिलं, डाळ महागल्याबद्दलसुद्धा. तीन बाजू भरल्या. जे लिहायचं होतं ते कशातच नव्हतं.

बुधवारी तिनं पान उलटलं आणि तिच्या लक्षात आलं की आता एकच बाजू राहिली. शेवटची. डावा पुठ्ठा उचलला की सगळ्यात आधी दिसणारी.

ती बराच वेळ त्या बाजूकडे बघत राहिली. मग उठून दुकानातून आठ कागद घेऊन आली. एक जुज वाढवला की झालं. त्या आठ पानांत डाळ, शाळा, शेजारीपाजारी, किती तरी मावलं असतं, आणि मॅडमना आणखी महिनाभर कोरं दिसलं असतं. तिनं कागद दुमडले, नखानं घडी बसवली, दोऱ्याला मेण लावलं, सुई ओवली. नवा जुज जोडायचा तर पुठ्ठा सोडवून शेवटचे टाके उसवावे लागणार होते. तिनं आपल्या टाक्यांकडे पाहिलं. एकसारखे, घट्ट, चाळीस वर्षांच्या हाताचे. उसवायला तिचा हात उचलेना.

बाहेरून कौसरची हाक आली, "अम्मी, चहा ठेवू?"

"ठेव," ती म्हणाली. सुई रिळात खोचली, आणि चहा होईपर्यंत शेवटच्या बाजूवर अडीच ओळी लिहिल्या.

गुरुवारी मॅडमनी नेहमीसारखी वही जवळ ओढली आणि नेहमीसारखा डावा पुठ्ठा उचलला. हात तिथंच थांबला.

त्यांनी त्या ओळींकडे पाहिलं. मग पान उलटलं. तिथंही दोन्ही बाजू भरलेल्या. आणखी एक, आणखी एक. मग त्यांनी पानं उलटणं सोडून अंगठ्याखालून ती सर्रकन सोडली. काळ्या शाईच्या ओळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेल्या. मॅडमचे कान लाल झाले.

"मी उलटीकडून उघडत होते," त्या हळूच म्हणाल्या.

"तुमच्या बाजूनं बरोबरच होतं."

"आणि आठ आठवडे मी तुम्हाला 'काही हरकत नाही' म्हणतेय! अहो, सांगायचं नाही का ताई?"

"बरं वाटायचं ऐकून," हुस्नबानो म्हणाली. तिची नजर टेबलाच्या कडेवर होती. "जे लिहिलंय त्यालाच म्हणताय, असं धरून चालायची मी. एवढं मोठं माणूस म्हणतंय हरकत नाही, म्हणजे नसेल. असं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही तशीच उघडी ठेवली. खाली दवाखान्यात कुणाचं तरी मूल सुई बघून रडायला लागलं होतं.

"मी वाचणार नाही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मला यातलं एक अक्षरही येत नाही. पण आज हे पान माझ्यासमोर उघडलं. तुम्हाला वाटलं तर सांगा, काय लिहिलंय. नाही वाटलं, तर मी वही मिटते."

हुस्नबानोनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. ती काहीही सांगू शकली असती. सामानाची यादी आहे म्हणाली असती तरी मॅडमना कळलं नसतं. तिनं वही स्वतःकडे वळवली आणि बोट ओळीखाली ठेवून, एकेक शब्द उचलून मराठीत ठेवत वाचलं.

"मला इद्दत आवडली. चार महिने दहा दिवस मला कुणी हाक मारली नाही. ते संपू नयेत असं मला वाटत होतं."

बोट शेवटच्या शब्दाखाली थांबलं. आता छातीत दाटेल म्हणून ती वाट बघत राहिली.

"बायका रडून डोळे लाल करून यायच्या," ती पुढं म्हणाली. हे वहीत नव्हतं. "म्हणायच्या, कसे दिवस काढतेस गं या खोलीत. मी खाली बघायची. त्यांना वाटायचं दुःख आहे. दुःखही होतंच, मॅडम. नव्हतं असं नाही. पण मी झोपायची. दुपारीसुद्धा. कौसर पोळी आणून द्यायची, ती तव्यावरची असायची. मी ती एवढी सावकाश खायची की मलाच लाज वाटायची. ज्या दिवशी इद्दत संपली त्या दिवशी सगळ्यांनी मला हाताला धरून उंबऱ्याबाहेर आणलं. ऊन होतं. सगळे म्हणाले, सुटलीस बाई. आणि माझ्या छातीत तेव्हा जे दाटलं..."

मॅडमनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"आता शनिवारी पुन्हा पलंग," त्या म्हणाल्या. पलंगाचं हुस्नबानोनं खोलीत शिरल्या शिरल्या सांगितलं होतं, हसत हसत, जणू कुणी पाहुणा येणार आहे.

"आपा नको असं नाही."

"मग?"

"ती हाक नको." ती पाणी प्यायली. "पण मी नाही म्हटलं की सगळे म्हणतील, नवऱ्याचं केलं ते नाइलाजानं केलं. आणि आपाला काय वाटेल? तिच्या भावाच्या मागं मी सुखानं झोपत होते?"

"आपांना काय वाटेल ते आपांनाच ठाऊक," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्यांना विचारलंय का?"

हुस्नबानोनं नकारार्थी मान हलवली. असं काही कुणी कुणाला विचारतं का, असा तिचा चेहरा झाला.

घरी आली तेव्हा पलंग पुढच्या खोलीत भिंतीशी लागला होता. वसीम जमिनीवर बसून चाकांत तेल सोडत होता. त्यानं एका हातानं आपला फोन वर धरला.

"अम्मी, फूफी आहे. तुझ्याशीच बोलायचंय म्हणते. बघ, माझं तर ऐकूनच घेत नाही."

तिनं फोन घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"बानो? आहेस का?" आपाचा आवाज पहिल्यासारखाच खणखणीत होता. आयुष्य चांदवडच्या कांद्याच्या बाजाराशेजारी काढलेली बाई. घरात काय नि दारात काय, तिला तिथलीच बोली. "हे पोरगे काय म्हणत्यात? मला तुझ्याकडं टाकायचं ठरवलंय म्हणं. मला इचारलं का कोणी? मी काय कांद्याची गोण हाय का, ह्या वखारीतून त्या वखारीत?"

"आपा, दुखतं का फार?"

"दुखतं तर. पण तोंड चालू हाय. तू सांग. खरं सांग. तुला जमंल का माझं?"

हुस्नबानो पलंग नसलेल्या त्या रिकाम्या खोलीत उभी होती. याच खोलीत ती चार महिने दहा दिवस बसली होती. आणू दे की, असं तिच्या तोंडात तयारच होतं. तिनं ते गिळलं.

"नाही जमणार, आपा."

पलीकडे लांबून कुठल्यातरी टेम्पोचा हॉर्न ऐकू आला.

"तू वाईट वाटून घेऊ नको. मी त्यांचं सगळं केलं, ते मनापासून केलं. पण आपा, ते गेल्यावर..." तिनं भिंतीला हात लावला. "मला इद्दत आवडली होती. इथं बसून राहायला आवडलं होतं. मी रडायची तेवढी रडायची आणि मग झोपायची. तुझ्या भावाच्या मागं मी अशी निवांत झोपले. सांगून टाकलं बघ. आता तुला काय बोलायचं ते बोल."

हुस्नबानोनं फोन कानापासून काढून बघितला, चालू होता. पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडून बारीक, दाबल्यासारखा आवाज येत होता. ती रडतेय असं वाटून हुस्नबानोचा जीव खालीवर झाला.

"आपा?"

"थांब गं, हसू आलं की टाके वढत्यात," आपा म्हणाली. श्वास घेऊन तिनं आवाज खाली आणला. "दार लावलंय का तुझं?"

"लावलंय."

"तुझे दुल्हेभाई गेले ते ऐन चांदरातीला, नवा चांद दिसला त्याच राती. म्हणून माझी इद्दत चांदावर मोजायची व्हती. एखादा महिना एकोणतीसचा निघतो, एखादा तीसचा. दर महिन्याला एकोणतिसाव्या सांजेला माझी सासू अंगणात जाऊन बघायची आन् म्हणायची, दिसला गं चांद. आन् मी आतून वरडायची, नाय दिसला, ढग हायेत, तीस धरा."

हुस्नबानोनं तोंडावर हात ठेवला.

"घरात चौदा माणसं, बानो. चुलीम्होरून उठले ते पहिल्यांदा तवा. पाठ कशी टेकायची ते मला ठावंच नव्हतं. दोन दिस जास्त काढले मी असे. सासूला वाटलं, बाई लय धार्मिक हाय." पुन्हा तो बारीक आवाज आला. "आन् दिस कोणते, तर एप्रिल-मे महिन्याचे. भर उन्हाळ्यात चांदवडला कुठले ढग गं!"

हुस्नबानो हसली. हसता हसता खाली बसली, भिंतीला पाठ लावून, आणि डोळ्यांतून पाणी येत राहिलं, तरी हसणं थांबेना. पलीकडे आपा "आई गं, टाके" म्हणत हसत होती.

"मी येत नाय," शेवटी आपा म्हणाली. "शेजारची सखुबाई येती माझ्याकडं दोन वेळ. हाताची जरा धसमुसळी हाय, पण गप्पा चांगल्या करती. अमीरला मी बघते. तूच ये इकडं. पाहुणी म्हणून ये. येऊन झोप."

"येईन, आपा."

"आन् कोणाला सांगू नको."

"काय?"

"ढगांचं," आपा म्हणाली आणि फोन ठेवला.

हुस्नबानो पदरानं तोंड पुसून बाहेर आली. वसीमनं पलंगाचं हँडल फिरवून दाखवलं. डोक्याची बाजू आवाज न करता वर आली.

"बघ, लोण्यासारखं चालतं आता," तो म्हणाला.

"छान झालं. आता खोल आणि परत माळ्यावर ठेव."

वसीम तिच्याकडे बघतच राहिला. तेलाचा हात त्यानं पँटला पुसला. "का? येत नाही ती? काय म्हणाली फूफी?"

कौसर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात कणीक होती.

"काही नाही," हुस्नबानो म्हणाली. "चांदवडला ढग आहेत म्हणाली."

वसीमनं दारातून बाहेर, गल्लीवरच्या स्वच्छ निळ्या पट्टीकडे मान वळवून पाहिलं. मग आईकडे पाहिलं. ती हसत होती. त्यानं पान्हा उचलला आणि पलंगाचा पहिला नट सैल करायला घेतला.